सटवाजीनं राखलेले करदोडे

आपल्याकडे माणसावर लिहितात ते तो गेल्यावर. सटवाजी गेलेला नाही. पालमला आहे, धडधाकट आहे. मी त्याच्याकडे जात नाही, म्हणून लिहितो आहे.

त्याची माझी ओळख पंचेचाळीस सालची. मी हैदराबादहून मराठी वाङ्मय घेऊन बी.ए. झालो आणि गंगाखेडच्या पुढे, गोदावरीकाठच्या एका गावात शाळेवर लागलो. गावाचं नाव लिहीत नाही. तिथे एका जमीनदारानं वडिलांच्या नावानं बांधलेला बारा खाटांचा दवाखाना होता. शाळेला सुट्टी शुक्रवारची. गावात वाचायला काही नव्हतं. दवाखान्याच्या डॉक्टरांकडे टपालानं पुस्तकं येत. ती मागायला मी जाऊ लागलो.

डॉक्टर बन्सीधर हैदराबादचे कायस्थ. घरात उर्दू. मराठी शिकून घेतलेली. हात फार चांगला. सटवाजी त्यांचा ड्रेसर. जखमा धुणं, पट्ट्या बांधणं, ऑपरेशनआधी रोग्याला तयार करणं हे त्याचं काम.

तो आधी रोगी म्हणूनच आला होता. पायात बाभळीचा काटा मोडला आणि पाय गुडघ्यापर्यंत सुजला. घरच्यांनी आशा सोडली होती. डॉक्टरांनी पाय वाचवला. दोन महिने खाटेवर पडून कंटाळला, तेव्हा शेजारच्या रोग्यांच्या पट्ट्या गुंडाळून देऊ लागला. बरा झाला तरी गेला नाही. चार एकर रान भावाला दिलं आणि बायकोला, धुरपताबाईला, घेऊन दवाखान्यामागच्या खोलीत राहायला आला. लिहिता-वाचता येत नव्हतं. बाटल्या वासानं ओळखायचा. पट्टी न सोडता, नुसती हुंगून, आत पू आहे का ते सांगायचा. कधी चुकला नाही.

पहिल्याच भेटीत त्यानं मला विचारलं, "मास्तर, बी.ए.ला काय काय शिकवत्यात?"

"कविता. नाटकं."

"त्यानं काय बरं होतं?"

"काहीच नाही."

"मंग बरंय. बिघडत बी नसंल."

मी त्याला दादा म्हणू लागलो. तो मला मास्तरच म्हणत राहिला. दर शुक्रवारी दुपारची भाकरी मी त्याच्या खोलीत खायचो. धुरपताबाई म्हणायच्या, "खा मास्तर, खा. आमचं माणूस दिसभर पू धुतंय आन् त्याच हातानं ताटात बसतंय. तुमच्यासारखं कोनी पंक्तीला असलं की जरा साबन तरी लावतंय."

आमच्या भागात अंतर्गळ फार. मोट हाकणारे, पोती उचलणारे, पन्नाशीच्या आतबाहेरचे पुरुष. ओटीपोटाखालची भिंत एका जागी कमजोर होते आणि आतडं जांघेत उतरतं. माणसं लाजेनं सांगत नाहीत. वर्षानुवर्षं फडकं आवळून कामं करतात. मग एखाद्या दिवशी उतरलेलं आतडं तिथेच अडकतं. तेव्हा परभणीपर्यंत गाडीबैल पोचेतो वेळ उरत नाही. डॉक्टर बन्सीधर ते ऑपरेशन करत. पाठीच्या मणक्यात सुई देऊन कमरेखालचं अंग बधिर करत. माणूस जागाच असे. पाच-सहा तालुक्यांतून लोक त्यांच्याकडे येत.

त्या वर्षी त्यांनी एका विलायती मासिकात वाचलं, की कातडीवरचा छेद कसा घ्यावा यावर जखम भरणं अवलंबून असतं. ते कमरेच्या हाडाकडून जांघेकडे उतरता, तिरपा छेद घेत. मासिकात लिहिलं होतं, तो आडवा घ्यावा. ओटीपोटावर कातडीची जी घडी असते, तिच्यातूनच. घडीतला छेद घडीसारखा मिटतो, उठता-बसता ताणत नाही. आतलं काम दोन्हींत एकच. फरक फक्त वरच्या कातडीचा.

"खरं काय ते आपणच पाहू," ते मला म्हणाले. "चाळीस रोगी. एक तिरपा, एक आडवा, आल्या क्रमानं. माझी मर्जी नाही, रोग्याची नाही. किती दिवसांत सुकली, पू झाला का, टाके कधी काढले. तुम्ही लिहाल? माझं अक्षर मलाच वाचता येत नाही."

मी हो म्हणालो. शाळा सुटली की रोज तासभर वॉर्डात बसायचो. शुक्रवारी दिवसभर. मला ते काम आवडू लागलं. विषम आकड्याला तिरपा, सम आकड्याला आडवा.

डॉक्टरांचा एक नियम कडक होता. टेबलावर येणाऱ्याच्या अंगावर सूत राहता कामा नये. ताईत नाही, गंडा नाही, करदोडा नाही. "घाण आहे ती. कापून टाक," ते सटवाजीला सांगत.

पण करदोडा कापून घ्यायला कोण तयार होणार? आमच्याकडे पुरुषाच्या कमरेला तो बारशापासून असतो. जुना झाला तर आधी नवा बांधतात, मग जुना सोडतात. कंबर मोकळी ठेवत नाहीत. माणूस मेला की सरणावर ठेवताना करदोडा तोडतात. जित्या माणसाचा तोडणं म्हणजे काय, ते सांगावं लागत नाही. मी यायच्या आधी दोन रोगी त्या कात्रीला भिऊन पळाले होते. एक धोतर सावरत थेट नदी ओलांडून गेला, असं सटवाजी हसत सांगायचा. मग हसू थांबवून म्हणायचा, "तो पुना आलाच न्हाई. आतडं अडकून गेला."

आता कोणी पळत नव्हतं. का पळत नाही, हे मी विचारलं नाही.

तेविसावा रोगी किशनराव नावाचा पाटील होता. सहाव्या दिवशी तो खाटेवर कुशीला वळला आणि पट्टीच्या कडेतून काळं सूत बाहेर आलेलं मला दिसलं. मी सटवाजीकडे पाहिलं. त्यानं ते बोटानं आत सारलं आणि मला बाहेर नेलं.

"मास्तर, लिहू नगा."

"कापला नाहीत?"

"एकाचा बी न्हाई. गाठ सोडतो. टेबलावर असतो तवर दंडाला बांधतो, चादरीखाली. मानूस इचारतंय, दादा, हाय का? मी त्याचा हात तितं नेतो. हाय म्हनतो. मंग ते गप पडतंय. खाटंवर आणलं की पुना कमरंला."

"पट्टीच्या खाली?"

"वर बांधला तर साहेबाला दिसंल. साहेब बघायला यायच्या आधी काढून घेतो. गेले की बांधतो." मग तो म्हणाला, "कापला तर ही मानसं यायचीच न्हाईत, मास्तर. न आलेलं मानूस कोन बरं करनार?"

त्याच्या हाताला कार्बोलिकचा वास येत होता.  खरं सांगायचं तर मला तो मोठा वाटला. आणि आणखी एक गोष्ट मी मनाशी मांडली. करदोडा तिरप्या छेदालाही आहे आणि आडव्यालाही आहे. दोन्हीकडे सारखाच. मग तुलनेत फरक काय पडणार? हा विचार मला फार शास्त्रीय वाटला. मी लिहिलं नाही. डॉक्टरांनाही सांगितलं नाही.

वही पुढे चालली. आडव्या छेदाच्या रोग्यांत पू दिसू लागला. आधी दोघांत, मग पाचांत. तिरप्यांत क्वचित, तोही वरच्या टोकाला, वाटाण्याएवढ्या जागेत. आडव्यांत सगळी जखमच लाल व्हायची. सटवाजी दिवसातून तीनदा धुवायचा. सल्फाची पूड भुरभुरायचा. पट्टी हुंगून बाजूला ठेवायचा. डॉक्टर वही उलटून म्हणायचे, "अजीब आहे. मासिकात उलटं लिहिलंय."

अडतिसावा रोगी लिंबाजी. पालमकडचा, कोरडवाहू शेतकरी. चाळिशीचा, काटक. त्याची बायको तानुबाई खाटेशेजारी बसून असायची. लिंबाजी बोलका होता. मला म्हणायचा, "मास्तर, माझं नाव सुबक लिवा हां. आमच्या घरान्यात कागदावर नाव आलेलं मी पैलाच. न्हाईतर सगळे सावकाराच्या वहीत." छेद आडवा. पाचव्या दिवशी ताप आला. नवव्या दिवशी डॉक्टरांनी टाके उसवले आणि पू वाहू दिला. तो आत खोल गेला होता. सतराव्या दिवशी सकाळी लिंबाजी गेला.

प्रेत गाडीत ठेवलं. तानुबाई रडत नव्हती. ती सटवाजीपाशी आली आणि त्याच्या पायाला हात लावू लागली. तो मागे सरकला.

"दादा, तुमचे लय उपकार झाले," ती म्हणाली. "त्यायचा करदोडा तुमी राखला. आता घरी नेऊन रीतीनं तोडता यील. न्हाईतर लोकं म्हनले असते, दवाखान्यातच मारून आणला."

 गाडी गेल्यावर सटवाजी नळावर गेला आणि हात धुऊ लागला. मी शाळेत जाऊन दोन तास घेऊन परत आलो. तेव्हा तो तिथेच होता.

लिंबाजी गेल्यावर डॉक्टरांनी नवा रोगी घेतला नाही. एकोणचाळिसावा आणि चाळिसावा रोगी आधीच टेबलावरून उतरले होते; चाळीस पुरे झाले होते. मग त्यांनी वही मागितली. तिरपे वीस, पू चौघांत. आडवे वीस, पू अकरा जणांत, मृत्यू एक. 

"मी त्याला मासिक वाचून मारलं," ते म्हणाले.

मी समोर बसलो होतो. तेव्हा सांगता आलं असतं. मी दौतीचं झाकण लावलं.

त्यांनी अंतर्गळाचं ऑपरेशन बंद केलं. तिरपंही नाही, आडवंही नाही. हत्यारं तेल लावून पेटीत ठेवली. रोगी येत होते. गाड्या अंगणात सुटायच्या. सटवाजी पुढे होऊन सांगायचा, साहेब आता करत नाहीत, परभणीला जा. माणसं त्याच्याकडे बघत राहायची. पोळ्याच्या आधी देवगाव फाट्याकडचा एक म्हातारा असाच परत पाठवला. त्याचं आतडं वाटेत अडकलं. तो परभणीला पोचला नाही, हे आम्हाला पुढच्या आठवड्यात कळलं.

त्याच आठवड्यात मी नदीवर आंघोळीला गेलो होतो. काठावर बसून अंग पुसताना करदोडा वर सरकला. त्याच्याखाली कातडीत आडवी खाच होती. बोटानं चाचपली. ओटीपोटाच्या खालच्या बाजूला, एका कुशीपासून दुसऱ्या कुशीपर्यंत. करदोडा सोडून दिला तर तो बरोबर तिच्यात जाऊन बसला. पुन्हा वर केला. पुन्हा तिथेच. लंगोटी त्याच्यातच अडकवलेली असते, ती ओढली जाते, म्हणून पुढून तो नेहमी खालीच राहतो. जन्मापासून तिथेच राहतो.

डॉक्टर ज्या घडीतून छेद घेत होते, ती घडी मासिकातली नव्हती. ती करदोड्यानं पाडलेली होती. तिरप्या छेदाला सूत एका ठिकाणी ओलांडून जायचं. आडव्या छेदात ते पूर्ण लांबीनं झोपायचं. घामाचं, मातीचं, वर्षभर न धुतलेलं सूत.

दोन्हीकडे सारखाच, असं मी म्हणालो होतो.

मी ओल्या अंगानं उठलो. दवाखान्याकडे निघालो. डॉक्टरांच्या खोलीचं दार उघडं होतं. मी त्यापुढून गेलो आणि मागच्या खोलीत जाऊन सटवाजीला सांगितलं. डॉक्टरांना नाही. त्याला. तेव्हा मला वाटलं, त्याला आधी कळायला हवं, तो मित्र आहे. आता वाटतं, मला ते कुणाच्या तरी अंगावर टाकायचं होतं.

त्यानं सगळं ऐकून घेतलं. सदरा वर करून स्वतःच्या पोटाकडे पाहिलं.

"खाच हाय खरी," तो म्हणाला. मग म्हणाला, "मला बी उतरलंय, मास्तर. दोन वर्सं झाले. मानसं उचलून उचलून."

"डॉक्टरांना सांगितलं नाहीत?"

"कवा सांगू? आदी त्यायला सवड नव्हती. आता हात लावीनात."

धुरपताबाई चुलीपाशी होत्या. "मला तर सांगायचं," त्या म्हणाल्या. "का ते बी पट्टीखाली बांधून ठिवलं?"

पुढचा शुक्रवार. मी डॉक्टरांच्या खोलीत पुस्तक परत करायला गेलो होतो. सटवाजी आत आला. पट्टी कापायची कात्री त्याच्या हातात होती. त्यानं सदरा वर केला, करदोडा ओढून धरला आणि कापला. सूत टेबलावर ठेवलं.

"ये क्या तमाशा है?" डॉक्टर उठले.

सटवाजीनं सांगितलं. सगळं, पहिल्यापासून. दंडाला कसा बांधायचा, पट्टीखाली कसा सरकवायचा, साहेब येताना पायांच्या आवाजावरून कसा काढायचा. खाचेचंही सांगितलं, पण मास्तरांनी दाखवली असं म्हणाला नाही. डॉक्टर हळूहळू खाली बसले.

"कितीजणांचे?"

"चाळीस."

"लिंबाजी?"

"त्याचा बी."

 मग डॉक्टर हळू आवाजात म्हणाले, "मी कापायला का सांगत होतो? तुमच्या धर्माशी माझं वैर होतं? मैल होता, घाण होती म्हणून. मला एकदा सांगितलं असतंस, तर नवा करदोडा आणून पातेल्यात उकळला असता. छातीला बांधला असता. गळ्यात घातला असता. कुणीतरी मला सांगायचं होतं रे."

नव्या सुताचं आम्हा दोघांना कधी सुचलं नव्हतं. त्याला नाही आणि मला नाही.

"साहेब," सटवाजी म्हणाला, "माझं आडवं कापा. अंगावर सूत न्हाई. बघा सुकतं का."

"माझा हात आता चालत नाही. आणि एका माणसावरून काही ठरत नसतं."

"एक मानूस मेला तवा तुमी ठरवलंच की."

डॉक्टरांनी मान वर केली. मला वाटलं ते त्याला मारतील. ते उठले आणि पेटी उघडून हत्यारांचं तेल पुसू लागले.

धुरपताबाईंना ऑपरेशनच्या सकाळी कळलं. त्यांनी नवऱ्याची मोकळी कंबर पाहिली आणि तोंड फिरवलं. "चाळीस मानसांचे राखले," त्या भिंतीला म्हणाल्या, "आन् सोताचा तोडून आला. माझा काय इचार केला का?"

"तू हायेस की जित्ती," सटवाजी म्हणाला. "मंग मी कुटं जातो?"

त्या हसल्या नाहीत. पण टेबलापर्यंत आल्या आणि दाराशी पदर तोंडात धरून बसल्या.

एक्केचाळिसावा, आडवा, असं मी लिहिलं. तिसऱ्या दिवशी लाली नाही. पाचव्या दिवशी ताप नाही. डॉक्टर पट्टी स्वतः बदलत. ते त्याच्याशी बोलत नसत. आठव्या दिवशी त्यांनी टाके काढले. मी वही घेऊन शेजारी उभा होतो. जखम कोरडी होती. एक बारीक रेष, खाचेत मिटलेली. सटवाजीनं पडल्यापडल्या उतरवलेली पट्टी मागून घेतली आणि हुंगली.

"कायच न्हाई," तो म्हणाला आणि त्याचे डोळे भरून आले. "लिंबाजीचं बी असंच झालं असतं."

डॉक्टरांनी चिमटा ताटलीत ठेवला.

"एकट्यानं केलंस हे? चाळीस माणसं, इतके दिवस. आणखी कुणाला माहीत होतं?"

"कोनाला न्हाई."

"मास्तर रोज इथे बसत होते."

डॉक्टर माझ्याकडे पाहत होते. सटवाजी माझ्याकडे पाहत नव्हता. तो छताकडे पाहत होता.

"मास्तर निस्तं कागदाकडं बघायचे, साहेब," तो म्हणाला. "त्यायला काय दिसतंय?"

डॉक्टर किंचित हसले. लिंबाजी गेल्यानंतर पहिल्यांदाच. मी तोंड उघडलं होतं. ते हसल्यावर मिटलं. मी वहीत लिहिलं: आठवा दिवस, टाके काढले, पू नाही.

महिनाभर विश्रांती घ्यायला लावून डॉक्टरांनी सटवाजीला जायला सांगितलं. डॉक्टर त्याला म्हणाले, "तू चांगला माणूस आहेस. पण मी पट्टीखाली काय आहे हे रोज पाहू शकत नाही." तो हो म्हणाला. धुरपताबाईंचं माहेर पालमचं. सटवाजीच्या भावानं दिलेल्या गाडीत दोन पेट्या आणि जातं घातलं. तिथे जाऊन तो तानुबाईच्या घरी गेला आणि तिला सगळं सांगितलं, असं मला नंतर कळलं. ती काय म्हणाली ते कळलं नाही. विचारायला जावं लागलं असतं.

निघताना मी गाडीपाशी गेलो होतो. म्हणालो, "दादा, मी सांगतो डॉक्टरांना. आत्ता जातो."

"कामून?" त्यानं कासरा सारखा केला. "दोघं गेलो तर ह्या मानसायला कोन? साहेब पुना कापाया लागलेत. त्यायला लिवनारं पायजे. तुमी ऱ्हा."

हे त्यानं माझ्यासाठी म्हटलं की रोग्यांसाठी, मी ठरवू शकलेलो नाही. मला सोयीचं होतं, एवढं खरं. गाडी वळली. मी दाराआड जाऊन उभा राहिलो.

पुढच्या शुक्रवारी अंगणात तीन गाड्या सुटल्या होत्या. चुलीवर पातेल्यात नवं सूत उकळत होतं. डॉक्टरांनी मला बोलावलं आणि कोरी वही पुढे केली.

"जुनी सगळी वाया गेली," ते म्हणाले. "पहिल्यापासून करू. बरं झालं, त्या सगळ्यात निदान एक माणूस तरी खरं लिहीत होता."

मी वही घेतली.